देवडीतलं जठर

तीन महिने माझ्या घशात मेथीचा एक दाणा होता. निदान मी तसं सांगत होतो. बायकोच्या हिशेबानं तो श्रावणात मोहरीएवढा होता, गणपतीत त्याची मेथी झाली आणि नवरात्रात आम्ही डॉक्टरांकडे पोहोचलो तोवर वाटाणा झाला होता. दाणा दुखत नव्हता, टोचत नव्हता. नुसता होता. आवंढा गिळला की पाण्यात दाबलेल्या बुचासारखा जरासा खाली जायचा आणि परत आपल्या जागेवर येऊन बसायचा.

घरगुती उपाय सगळे झाले. केळं झालं, न चावता गिळायचा भाताचा गोळा झाला, मीठ-पाण्याच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमधाची काडी झाली. शेजारच्या आजोबांनी पाठीत एक सणसणीत धपाटाही घालून पाहिला. त्यांच्या मेहुण्याच्या घशातला माशाचा काटा असाच निघाला होता म्हणे. मी मासे खात नाही हे मी त्यांना धपाट्यानंतर सांगितलं, कारण आधी सांगायला त्यांनी उसंतच दिली नाही.

सगळ्यात अवघड भाग वेगळाच होता. जेवताना दाणा गायब व्हायचा. पोळी जायची, भाकरी जायची, कोजागरीला मसाला दूध तर दोन पेले गेलं. ताट बाजूला सारून नुसता आवंढा गिळला की स्वारी हजर. बायकोनं हे पहिल्या आठवड्यातच हेरलं होतं. "अहो, श्रीखंड आलं की वाट सोडतो वाटतं तो?" असं ती आल्या-गेल्यासमोर विचारायची. घशात गोळा असल्यासारखं वाटणाऱ्यांचं अगदी असंच होतं, खाताना बरं आणि रिकामं गिळताना त्रास, हे मला डॉक्टरांकडून पुढे कळलं. मी ते घरी येऊन विजयी मुद्रेनं सांगितलंही. पण तोवर ती पडद्यांच्या कापडाकडे वळलेली होती.

या गोळ्याची बदनामी फार जुनी आहे. प्राचीन ग्रीकांची अशी समजूत होती की बाईचं गर्भाशय जागा सोडून अंगभर भटकतं आणि वर चढलं की तिचा जीव गुदमरतो. पुढे युरोपातल्या वैद्यांनी घशातल्या गोळ्याला ‘ग्लोबस हिस्टेरिकस’ असं भारदस्त नाव दिलं. ग्लोबस म्हणजे गोळा, आणि हिस्टेरियात ग्रीक गर्भाशय दडलेलं. विसाव्या शतकात केव्हातरी कुणाला तरी लाज वाटली आणि ‘हिस्टेरिकस’ खोडून तिथे ‘फॅरिंजियस’, म्हणजे घशाचा, असा साधा शब्द घातला गेला. मी आयुष्यभर मुद्रितं तपासली. एक शब्द बदलून निम्म्या मानवजातीवरचा आळ काढणारी दुरुस्ती माझ्या हातून एकदाही झाली नाही, म्हणून मला या दुरुस्तीचं फार अप्रूप.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून घसा पाहिला, काही सापडलं नाही म्हणाले आणि पोटाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. तिथे दुर्बीण टाकायचं ठरलं. पहिल्यांदा तोंडातून नळी घालून जिवंत माणसाच्या जठरात डोकावून पाहिलं ते 1868 साली, फ्रायबुर्गच्या कुसमाउल नावाच्या डॉक्टरांनी. तेव्हा नळी ताठ, सरळसोट असायची. ती गिळणार कोण, तर त्यांनी तलवार गिळून दाखवणारा एक खेळिया गाठला. हे मी तपासणीच्या आदल्या रात्री वाचलं. वाचायला नको होतं.

आताची नळी लवचीक आणि करंगळीएवढी असते, एवढं खरं. सकाळी उपाशीपोटी गेलो. घशात एक कडू फवारा मारला, त्यानं जीभ आणि टाळा परक्याचे झाले. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांत प्लास्टिकचं कडं दिलं. "काका, नाकानं श्वास घ्या, आणि आता गिळा," असं सिस्टर म्हणाल्या. ज्या माणसाला तीन महिने गिळण्याचीच भीती बसली आहे त्याला गिळा म्हणणं किती सोपं असतं! डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ आणि समोर पडद्यावर एक ओलसर गुलाबी बोगदा झरझर मागे पडत चाललेला. घाटातून रात्रीची एसटी उतरते तसं. डॉक्टर मॅडम तिशीच्या. त्या आपल्याशीच बोलत होत्या, "अन्ननलिका छान... जठर छान... पुढचं आतडं छान..." शाळेत सगळ्या विषयांत पास झाल्यासारखं मला वाटायला लागलं होतं. मग नळी परत वर यायला लागली. सुटलो म्हणायच्या बेतात होतो, तेवढ्यात, अगदी वरती, दाराशी आल्यावर, त्या थांबल्या.

"थांबा हं काका."

हे तीन शब्द दुर्बिणीच्या टेबलावर ऐकून पाहावेत.

अन्ननलिकेचं अस्तर फिकट, मोत्यासारखं गुलबट असतं. त्यात एके ठिकाणी पेरूच्या लाल गरासारखा, मखमली पोताचा, काठ स्पष्ट असलेला एक डाग होता. मॅडमनी बटण दाबलं, पडदा हिरवट-निळसर झाला आणि डाग तपकिरी होऊन जास्तच उठून दिसला. त्यांनी चिमट्यानं त्याचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेतला आणि नळी बाहेर काढली. मी उठून बसलो, तोंड पुसलं. बायकोला आत बोलावलं होतं. तिनं पहिला प्रश्न विचारला, तो कुठलीही बायको विचारेल तोच. मॅडम म्हणाल्या, "नाही हो काकू, तसलं काही नाही. त्याची शक्यता या डागात फारच क्वचित. हा जन्मापासूनचा आहे. काकांच्या घशाशी जठराचं अस्तर आहे."

"घशाशी?"

"अन्ननलिकेच्या तोंडाशी. पुढच्या दातांपासून सतरा सेंटिमीटरवर."

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मला पुढचं वाक्य ऐकूच आलं. गेली चौतीस वर्षं तिची एकच तक्रार आहे, की माझ्या पोटात काही राहत नाही. तिच्या माहेरची भानगड मी चहावाल्याला सांगितली, नणंदेच्या साडीची खरी किंमत नणंदेलाच सांगितली. आता कारण सापडलं होतं. ज्याचं पोट ओठांपासून वीतभरही लांब नाही, त्याच्या पोटातलं ओठावर यायला वेळ तो किती लागणार?

रिपोर्टात त्याला ‘इनलेट पॅच’ म्हटलंय. इनलेट म्हणजे आत शिरायची जागा, तिथला ठिगळासारखा तुकडा. शास्त्रीय नाव लांबलचक आहे, पण त्यातला ‘हेटरोटोपिक’ हा एक शब्द मला पसंत पडला: दुसऱ्या जागचा. पेशी उत्तम, रचना उत्तम, रोग काही नाही. फक्त पत्ता भलता. खिळे जुळवण्याच्या काळात ज्यांनी प्रुफं पाहिली त्यांना हा प्रकार नवा नाही. एका टाइपाचे खिळे परत ठेवताना चुकून दुसऱ्या टाइपाच्या खणात पडायचे. मग पुढच्या पुस्तकात पानभर एकसारख्या अक्षरांत मधेच एक ‘म’ जरा जाड, जरा बुटका उमटायचा. शब्द बरोबर, अक्षर बरोबर, शुद्धलेखनाला काही म्हणता येत नाही. पण घराणं वेगळं. वाचकाला कळायचं नाही, आम्हाला मात्र तो ‘म’ जेवणात खडा लागावा तसा लागायचा.

देहाच्या छापखान्यात असे परके खिळे पुष्कळ आहेत. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी गर्भात जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून खाली उतरते. एखाद्याची उतरतच नाही, आणि जिभेच्या मागे ठाण मांडून बसते. लहान आतड्याला शंभरातल्या दोघांच्या एक छोटी पिशवी राहून गेलेली असते. मेकेल या जर्मन शरीरशास्त्रज्ञाचं नाव तिला चिकटलंय. त्या पिशवीतही कधी कधी जठराचं अस्तर निघतं, तिथे आम्ल गाळतं आणि शेजारच्या बिचाऱ्या आतड्याला व्रण पाडतं. जठराच्या अस्तराला भलतीकडे राहायची हौस जरा जास्तच असावी.

हा डाग किती लोकांना असतो, हा प्रश्न मी विचारला. उत्तर ऐकून मी खूश झालो. काही ठिकाणी शंभर माणसं तपासली तर एकालाही सापडत नाही, काही ठिकाणी दहा-दहा जणांना सापडतो. माणसं निराळी असतात असं नव्हे. बघणारे निराळे असतात. दुर्बीण घशातून आत शिरते तेव्हा माणूस ओकाऱ्या देत असतो. डॉक्टरांना ती वरची जागा पटकन पार करून खाली जायचं असतं, जिथे अल्सर वगैरे खरी कामं असतात. शिवाय तिथली वळी आवळलेली असते, नीट उघडत नाही. म्हणून वरचं जे काही असतं ते जाताना निसटतं. सापडलंच तर परत येताना, तेही जो हात आखडून हळूहळू नळी काढतो त्याला.

मला हे कुणी समजावायची गरज नव्हती. मुद्रितशोधनातला पहिला धडा हाच असतो. चुका मजकुरात नसतात, मथळ्यात असतात. मजकुरातला ऱ्हस्व-दीर्घ माणूस भिंग लावून बघतो, कारण तिथे काम आहे असं त्याला वाटतं. मथळा मोठ्या टाइपात डोळ्यासमोर उभा असतो, तो काय बघायचा? एका दिवाळी अंकाची दोनशे चाळीस पानं मी तीनदा वाचली होती. त्यात एक अनुस्वार इकडचा तिकडे नव्हता. अंक छापून आला, गठ्ठे सुटले, आणि मुखपृष्ठावर लालभडक अक्षरांत होतं ‘दिवळी अंक’. एक काना. अंगठ्याएवढा काना, तोच नव्हता. संपादकांनी मला काही म्हटलं नाही, नुसता अंक टेबलावर ठेवला आणि ते चहाला गेले. त्यानंतर आमच्या थोरल्या मुद्रितशोधकांनी मला युक्ती शिकवली: शेवटचं प्रूफ उलटं वाचायचं. शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे. अर्थ लागत नाही, म्हणून डोळा घसरत नाही, एकेक अक्षर सुटं दिसतं, आणि शेवटी तुम्ही थकून-भागून का होईना, मथळ्यापाशी पोहोचता. मॅडमनी माझं प्रूफ उलटं वाचलं होतं. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जो आदर उत्पन्न झाला तो त्यांच्या पदव्या पाहून झाला नव्हता.

हा तुकडा पहिल्यांदा नोंदवला तो श्मिट नावाच्या माणसानं, 1805 साली. तेव्हा वाकणारी दुर्बीण नव्हती, विजेचा दिवा नव्हता. मेलेल्याची अन्ननलिका उभी चिरून, उजेडाला धरून बघायची. त्या वर्षी इकडे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती आणि तिकडे बंगालातल्या श्रीरामपूरला विल्यम केरीचं मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापून निघत होतं. श्मिटचा आणि केरीचा काही संबंध नाही. पण एकाच साली एकजण मराठीचे खिळे जुळवत होता आणि दुसरा देहातला परका खिळा शोधत होता, हे ध्यानात आल्यावर मला काही वेळ उगाचच बरं वाटलं.

आता मुख्य प्रश्न. जठर घशाशी गेलं कसं? मी समजत होतो की जठराचा एखादा तुकडा, पोरं शाळेतून पळतात तसा, वर सटकला असेल. तसं नाही. बहुतेक जाणकारांचं म्हणणं असं की कुणी कुठे गेलंच नाही. आईच्या पोटात अन्ननलिका पहिल्यांदा घडते तेव्हा तिला आजचं अस्तर नसतं. उभ्या खांबांसारख्या पेशींचं जुनं अस्तर असतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात नवं, फरशा रचल्यासारखं थरांचं अस्तर यायला लागतं. ते नळीच्या मध्यावर सुरू होतं आणि तिथून वर आणि खाली असं दोन्हीकडे पसरत जातं. सगळ्यात शेवटी नंबर लागतो वरच्या टोकाचा. तिथे काम थोडं बाकी राहतं, बाळ जन्माला येतं, आणि उरलेल्या जुन्या अस्तरातून पुढे जठराचं अस्तर तयार होतं.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर गर्भ आला नाही, सदाशिव पेठेतला वाडा आला. आमचा छापखाना त्या वाड्याच्या देवडीत होता. दिंडी दरवाजातून आत शिरलं की उजव्या हाताला दोन खणांची जागा. पूर्वी तिथे पहारेकरी बसत असतील. आमच्या काळात ट्रेडल मशीन होतं आणि खिळ्यांचे खण. शाईचा, रॉकेलचा आणि पावसाळ्यात ओल्या लाकडाचा वास. मी तिथे अकरा वर्षं प्रुफं वाचली, डोक्यावर चाळीसचा दिवा. मग वाडा पाडायचं ठरलं. पाडकाम मधल्या चौकापासून सुरू झालं आणि मागे-पुढे पसरत गेलं. भाडेकरूंना फ्लॅट मिळाले, कुणाला पैसे मिळाले, एकेक जण गेला. आमच्या मालकांचं पागडीवरून वाजलं, कोर्टात गेलं, तारखा पडत राहिल्या. सात मजली इमारत उभी राहिली, गुळगुळीत टाइल्स, लिफ्ट, खाली पार्किंग. आणि दाराशी, नव्या कंपाउंडला चिकटून, जुन्या लाकडी खांबांची ती दोन खणांची देवडी तशीच. आत ट्रेडलची खडखड चालूच. नवे रहिवासी गाडी आत घेताना म्हणायचे, "हे मधेच काय आहे?" मालक चष्म्यावरून बघत म्हणायचे, "मधे तुम्ही आलात."

माझ्या घशातल्या त्या दीड सेंटिमीटरचं हेच म्हणणं असावं. पंचवीस सेंटिमीटरची अन्ननलिका नंतर बांधली गेली आणि वर त्यालाच म्हणते, तू चुकीच्या जागी.

बरं, तो नुसता बसून राहतो असंही नाही. आपलं घराणं विसरत नाही. त्या मखमलीत आम्ल तयार करणाऱ्या पेशी असू शकतात. जठराचं आम्ल लिंबापेक्षा जहाल. जठर आपल्यापुरतं चिकट लेप लावून घेतं, शेजाऱ्यांनी काय करायचं? म्हणून कुणाला खोकला सुटतो, कुणाचा आवाज बसतो, कुणाला मेथीचा दाणा लागतो. आणि बहुसंख्यांना काहीच होत नाही. आपल्या दाराशी जठर आहे हे न कळताच ते आयुष्यभर जेवून-खाऊन सुखी राहतात. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला, वर्षानुवर्षं आम्ल उसळून अस्तर बदलतं, तो मामला वेगळा आणि त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागतं, हे मॅडमनी कागदावर चित्र काढून दोनदा सांगितलं. माझा दाणा या डागाचाच का, यावर त्या ठाम काही बोलेनात. "असू शकेल काका. नसूही शकेल." पंचांगवाल्यानं असं उत्तर दिलं असतं तर मी दक्षिणा दिली नसती. पण त्यांचा चेहरा प्रामाणिक होता. सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी आम्ल कमी करणारी एक गोळी, सहा आठवडे. फारच त्रास राहिला तर आर्गॉन वायूच्या झोतातून वीज सोडून डाग जाळता येतो, असंही सांगितलं. मी वीज हा शब्द ऐकला आणि तिथल्या तिथे थोडा बरा झालो.

आठ दिवसांनी तुकड्याचा रिपोर्ट आला. जठराच्या ग्रंथी, जंतू नाहीत, वाईट काही नाही. मॅडम म्हणाल्या, "आहे तसं राहू द्यायचं." गोळी घेतोय. दाणा वाटाण्याचा परत मोहरी झालाय. कधी एखाद्या दिवशी विसरतो, मग मुद्दाम आवंढा गिळून बघतो, आणि असतो तो. घरातली म्हातारी माणसं खोकली की आहेत असं कळतं, तसं.

रात्री टेबलावर रिपोर्ट पसरून वाचला. सवय. पहिल्या ओळीत माझ्या आडनावाची वाट लावली होती, ती पेन्सिलीनं सरळ केली. ‘जठराचं अस्तर, दुसऱ्या जागी’ अशा अर्थाच्या शब्दांपाशी आलो आणि हात थांबला. चाळीस वर्षांत दुसऱ्या जागी पडलेलं काही दिसलं की हात आपोआप ते खोडून समासात खूण करतो. पण आमच्या धंद्यात आणखी एक खूण आहे. चुकून बरोबर शब्द खोडला गेला, तर त्याच्याखाली टिंबं देतात आणि समासात ‘स्टेट’ लिहितात. लॅटिन आहे, राहू दे. मी त्या शब्दांखाली ओळीनं टिंबं दिली.

बायको दूध झाकायला आली होती. "अहो, हे ठिपके कसले?"

"राहू दे, असा त्याचा अर्थ."

"बाथरूमचा नळ सहा महिने गळतोय, त्याच्याखाली पण दिलेत का?"

तिनं रिपोर्ट उचलला, घडी घातली आणि कपाटातली फाइल काढून त्यात लावला. फाइल लाइटबिलांची होती. मी काही बोललो नाही.